वाढत्या अंगाचं माप

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीतून दिवसभर कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येई. "फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून आहे तुमच्यात, अजून, अजून!" नवीन आलेला माणूस जिन्यातच थबके आणि आत कुणाला मारहाण तर चालली नाही ना, अशा नजरेनं शिपायाकडे बघे. शिपाई मान न वळवता सांगे की घाबरू नका, आमच्या फुंकबाई कामाला लागल्यात.

फुंकबाईंचं काम होतं माणसाच्या फुप्फुसांत किती हवा मावते आणि ती किती जोरानं बाहेर येते, हे यंत्रावर मोजायचं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास आणि मग एका दमात सगळी हवा बाहेर. सांगायला सोपं आहे. पण माणसाची जातच हातचं राखणारी. आता संपली सगळी हवा, असं ज्याला वाटतं त्याच्या आत अजून बरीच शिल्लक असते, आणि ती काढायची तर कुणीतरी कानाशी उभं राहून ओरडावं लागतं. फुंकबाई हे काम गेली कितीतरी वर्षं मन लावून करत होत्या. पहिलवान, पुढारी, पेन्शनर, सगळ्यांना त्यांनी त्या खुर्चीत पार रिकामं करून सोडलं होतं. संध्याकाळी घरी जाताना घशात आवाज म्हणून उरत नसे. आमचा संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असं त्यांचा नवरा चारचौघांत सांगे, आणि त्यावर उत्तर द्यायला त्यांच्याकडे आवाज नसे.

देवानं त्यांना आवाज देताना हात सैल सोडला होता आणि उंची देताना तो आखडता घेतला होता. एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, त्यावर केसभरही नाही. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता, कारण रोज सकाळी उंची मोजायच्या पट्टीखाली त्या आधी स्वतः उभ्या राहात आणि पट्टी नीट दाखवते की नाही ते तपासून बघत. फुंकण्याच्या तपासणीत उंचीला फार महत्त्व. अमुक उंचीच्या मुलाच्या फुप्फुसांत तमुक हवा असायला हवी, असं यंत्राच्या पोटात भरून ठेवलेलं असतं. आपण उंची सांगायची, मग यंत्र सांगतं की शंभरातले किती मिळाले.

त्या दिवशी मात्र पट्टी जागेवर नव्हती. मुलांच्या वॉर्डनं ती उसनी नेली होती, आणि उसनं नेलेलं आपणहून परत करायची त्या वॉर्डची रीत नव्हती. फुंकबाईंनी दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा स्वतः जायचं ठरवलं, तेवढ्यात पहिला पेशंट दारात उभा राहिला.

पेशंट म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. आली ती थेट खुर्चीत जाऊन बसली आणि पाय हलवत यंत्राकडे बघू लागली. मागून तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील. गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती, दुकानातून उठून सरळ इकडे आले होते. त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. मुलीची आई कामावर गेली होती, तिचा आज तीनदा फोन येऊन गेला होता. मुलीला घरात सगळे मासोळी म्हणत. हे नावही आजोबांनीच ठेवलेलं, कारण पोरगी चालायला लागली त्याच्या आसपासच पोहायलाही लागली होती.

यंत्र गरम व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात आजोबांनी सगळी हकिगत सांगितली. त्यांना ती सांगायची सवय झाली होती, आणि सांगून झाल्यावर दर वेळी बरंही वाटत असावं. गेल्या वर्षी शाळेची गाडी वळणावर उलटली. मासोळीचा पाय मोडला. सगळ्यांचं लक्ष त्या पायाकडे. छातीला मार लागला होता, पण बरगडी एकही मोडली नव्हती, म्हणून घरचे देवाचे आभार मानत बसले. मुलांची हाडं लवचिक असतात, ती वाकतात आणि मार तसाच आत जाऊ देतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तिसऱ्या दिवशी पोरीला धाप लागली. ओठ निळे पडले. फोटो काढला तर दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक. मार लागला तिथं सूज आली, सुजेनं पाणी भरलं, आणि पाण्यानं फुप्फुसं अशी ताठली की त्यांत हवाच शिरेना.

"कापड शाबूत होतं, ताई, पण आतलं अस्तर विरलं होतं," आजोबा म्हणाले.

मग दोन आठवडे श्वास यंत्राचा. पोरीला पालथं झोपवायचे, म्हणजे पाठीकडची फुप्फुसं उघडतात. एवढीशी पोर, पण तिला वळवायला पाच-सहा जण लागायचे. एक नळ्या धरी, एक डोकं, एक मोडलेला पाय. घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी सूज उतरली, नळी निघाली, पाय जुळला. पाय तर आता जिन्यावरून उड्या मारतो. फुप्फुसांचं मात्र तसं नाही, त्यांचं आपलं सावकाश चालतं.

मासोळीनं ही कहाणी आपली नसल्यासारखी ऐकली. तिला फक्त एकाच गोष्टीत रस होता. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुली तलावाच्या खोल बाजूला गेल्या होत्या. ही वर्षभर कडेला बसून त्यांचे टॉवेल सांभाळत होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की तपासणीत शंभरातले ऐंशी मिळाले तर खोल पाण्यात जा, नाहीतर आणखी सहा महिने नाही. आज ते ठरायचं होतं.

फुंकबाईंनी वय विचारलं, वजन लिहिलं आणि उंची विचारली. पट्टी नाही, हे सांगताना त्या जरा ओशाळल्या.

"एकशे सेहेचाळीस," आजोबा विचार न करता म्हणाले.

फुंकबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. जन्मभर मापं घेतलेला माणूस. याचं माप चुकत असेल तर पट्टीचं तरी बरोबर कशावरून? त्यांनी आकडा भरून टाकला.

मग सुरू झालं. मासोळीनं नाकाला चिमटा लावला, छाती भरून घेतली आणि फुंकलं. फुंकबाई ओरडल्या. पोरीचे डोळे बाहेर आले, गाल लाल झाले, पण तिनं नळी सोडली नाही. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी फुंकबाईंनी असा काही आवाज लावला की बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनीही आपला श्वास सोडला. तिन्ही फुंकी एकीवर एक ठेवाव्यात अशा जुळल्या. हातचं राखणारा माणूस तीनदा सारखं राखू शकत नाही, तो कुठेतरी घसरतो. पोरीनं सगळं दिलं होतं.

यंत्रानं आकडा दाखवला, चौऱ्याहत्तर.

निकाल सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, त्यामुळे फुंकबाईंनी तोंड मिटलं. पण त्यांचा चेहरा त्यांच्या ताब्यात कधीच नसे. मासोळीनं एकदा चेहऱ्याकडे बघितलं आणि पाय हलवायचे थांबवले.

मोठ्या डॉक्टरबाई शेजारच्याच खोलीत बसत. त्यांनी कागद पाहिला, मुलीला जवळ घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ सुधारणा आहे, पण फुप्फुसं अजून पूर्ण उघडलेली नाहीत, तेव्हा थोडी कळ काढू या. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मासोळी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं की खोल बाजूला कडेला बसून नुसते पाय सोडले तर चालतील का? डॉक्टरबाई चालतील म्हणाल्या. आजोबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

आपल्या खोलीत फुंकबाई पुढच्या पेशंटची नळी काढत होत्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. काहीतरी खटकत होतं. त्या पोरीच्या फुंकीची रेघ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. ताठलेल्या फुप्फुसांची रेघ कशी अर्धवट, चोरटी असते. ही तर भरदार वर गेली होती आणि हळूहळू, ऐटीत खाली उतरली होती. रेघ म्हणत होती ठीक आहे, आकडा म्हणत होता ठीक नाही. दोघांपैकी एक जण थापा मारत होता.

एवढ्यात मासोळी परत आली. नाकाचा चिमटा चुकून तिच्याबरोबर गेला होता. चुकून म्हणजे फ्रॉकच्या कॉलरलाच लटकत होता, जिन्यापर्यंत गेल्यावर आजोबांच्या लक्षात आलं. तिनं तो काढून पुढे केला. फुंकबाई कपाटाशी उभ्या होत्या. त्यांनी चिमटा घ्यायला मान खाली केली आणि त्यांना मुलीच्या डोक्यावरचा भांग दिसला.

आता ज्यांना देवानं उंची दिली आहे त्यांना यात काय विशेष, ते कळायचं नाही. फुंकबाईंना लोकांच्या हनुवट्या दिसत, नाकपुड्या दिसत, शर्टाची वरची बटणं दिसत. डोक्यावरचा भांग दिसणं हा त्यांच्या आयुष्यातला दुर्मीळ योग. भांग जरा वाकडा होता, आजोबांनी पाडला असावा. फुंकबाई क्षणभर त्याकडे समाधानानं बघत राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकशे सेहेचाळीस म्हणजे माझ्याहून दोनच बोटं कमी, नव्हे, एखादंच. हिचं डोकं तर माझ्या भुवईला लागतंय!

त्यांनी जिन्यातून आजोबांना अशी हाक मारली की खालच्या औषधांच्या दुकानातले तिघे वर बघू लागले.

आजोबा धापा टाकत वर आले. हिची उंची नक्की कधी मोजली होती, असं फुंकबाईंनी विचारलं. परवाच, आजोबा म्हणाले, नवा गणवेश बेतायचा होता ना. आणि किती भरली?

"भरली एकशे चाळीस," आजोबा सहज म्हणाले. "पण म्हणून काय चाळीस सांगतात होय? मुलांचं माप वाढत्या अंगाचं द्यायचं असतं, ताई. आहे तेवढंच कापलं, तर चार महिन्यांत कपडा वर चढतो."

फुंकबाईंनी कपाळाला हात लावला. त्या ओरडणारच होत्या, पण समोर माणूस असा निरागस उभा होता की ओरडावं तरी कुणावर? शिवाय पट्टीवाचून काम उरकायची घाई कुणी केली होती, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात समजावलं. इथं कपडे शिवायचे नाहीत. तुम्ही उंची वाढवून सांगितलीत, म्हणून यंत्रानं मोठ्या मुलीच्या फुप्फुसांशी हिची तुलना केली. सहा सेंटिमीटर उंच मुलीच्या मानानं हिची हवा कमी पडली. आता तुमच्या हातानं मोजा, आत्ताच्या आत्ता, आणि आहे तेवढंच सांगा.

आजोबांनी मासोळीला भिंतीशी उभं केलं. टेपचं टोक तिच्या टाचेशी दाबलं, टेप वर नेली, डोक्यावर हात आडवा धरला. फुंकबाई बघत होत्या. हात डोक्याला टेकला नव्हता. मध्ये तीन बोटं जागा होती.

"आजोबा, हात टेकवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात खाली घेतला. तरी बोटभर उरलंच. म्हातारा मुद्दाम करत नव्हता. मुलांचं माप दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की त्याचा हात तिथवर जातच नसे. आजोबा हात तसाच अधांतरी धरून थांबले.

"ही श्वासाच्या यंत्रावर होती ना, तेव्हा मी हिचा गणवेश शिवत होतो," ते म्हणाले. "लेक म्हणाली, आबा, नका शिवू. तिला तो बघवत नव्हता. मी तिच्या देखत बेतला, आणि नेहमीपेक्षा जास्त कापड आत सोडलं. चांगलं वीतभर. मनाशी म्हटलं, एवढं सोडलंय म्हणजे पोरीला वाढावं लागेल. तेव्हापासून हिचं खरं माप मी कुणाला सांगितलं नाही. आहे एवढीच राहिली तर, अशी भीती वाटते."

फुंकबाईंनी वाकून टेपचं टोक टाचेशी नीट दाबून धरलं.

मासोळीला या बोलण्याचा कंटाळा आला. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहून तिची मान अवघडली होती.

"आबा, मला आहे तेवढीच सांगा ना," ती म्हणाली. "मी आहे तेवढीच पोहणार आहे."

आजोबांनी हात टेकवला. वाकड्या भांगावर, नीट, पूर्ण. टेपवरचा आकडा वाचायला त्यांनी चष्मा वर केला, पुसला, पुन्हा लावला. "एकशे चाळीस," त्यांनी सांगितलं, आणि वर काही घातलं नाही.

फुंकबाईंनी आकडा बदलला. फुंकी त्याच, पोर तीच. यंत्रानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि दाखवलं त्र्याऐंशी. निकाल सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, हे फुंकबाईंच्या लक्षात होतं. पण चेहरा ताब्यात नसायचा तो नसायचाच, आणि मासोळी तर त्यांचा चेहरा वाचायला एव्हाना शिकली होती. ती खोलीभर नाचली.

मोठ्या डॉक्टरबाईंनी मात्र नवा कागद बघून फुंकबाईंना चांगलंच फैलावर घेतलं. पट्टी नव्हती तर थांबायचं होतं, तासाभरानं काही बिघडलं नसतं, उलट असा चुकीचा आकडा भरून एका मुलीचे सहा महिने गेले असते. फुंकबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पट्टीवाचून कुणाला खुर्चीत बसवायचं नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला. मग डॉक्टरबाईंनी खात्री म्हणून मासोळीला पुन्हा एकदा फुंकायला लावलं, तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकल्या आणि सही केली. जाता जाता त्यांनी आजोबांना सांगितलं की मुलांची फुप्फुसं मोठ्यांच्या फुप्फुसांसारखी एकदाची तयार होऊन बसत नाहीत, ती अजून बरीच वर्षं नवी हवेची घरं बांधत असतात. तेव्हा भीती बाळगू नका. आजोबांनी दोन्ही हात जोडले. लेकीचा चौथा फोन आला तेव्हा त्यांना नीट बोलता येईना, म्हणून फोन मासोळीनं घेतला आणि आईला सगळं उलटंसुलटं सांगितलं.

जाताना मासोळीनं फुंकबाईंना रविवारी तलावावर यायचं आमंत्रण दिलं. मावशी, तुम्ही ओरडलात की मला जोर येतो, असं तिचं म्हणणं. आयुष्यात कुणीतरी आपल्या ओरडण्याला बोलावलं, या आनंदात फुंकबाई हो म्हणून बसल्या. नवऱ्याला बरोबर घेऊन गेल्या नाहीत, त्याला रविवारी तरी शांतता हवी होती.

तलावाशी दुपारची गर्दी ओसरली होती. आजोबा कडेच्या बाकावर अगदी टोकाला टेकले होते. शेजारी त्यांची लेक, कामावरून सुट्टी काढून आलेली, ओढणीचा कोपरा पिळत. पोहायला शिकवणारे सर स्वतः खोल बाजूला पाण्यात उतरून थांबले होते. मासोळी कडेनं एकदा इकडून तिकडे गेली, मग मधून गेली. सरांनी मान हलवली. आईनं ओढणी सोडली. फुंकबाईंनी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण पोरीला कुणाच्याही आवाजाची गरज दिसेना, म्हणून त्यांनी ते हळूच मिटून घेतलं.

मग सरांनी एक लाल कडं पाण्यात टाकलं. ते डुलत डुलत तळाशी जाऊन बसलं. मासोळीनं छाती भरून घेतली आणि ती पाण्याखाली गेली.

आजोबांनीही तिच्याबरोबर श्वास भरून घेतला आणि रोखून धरला. फुंकबाईंना ते लगेच दिसलं, आयुष्यभर दुसरं बघितलंय काय त्यांनी? म्हाताऱ्याचे गाल फुगले, कपाळावरची शीर वर आली, मुठी गुडघ्यांवर आवळल्या. नजर पाण्याखालच्या त्या धूसर पाठीवर. आता चेहरा लाल झाला. आता डोळ्यांत पाणी आलं. फुंकबाईंना अंदाज होता, आणखी फार तर थोडंच. तेवढ्यात आजोबांच्या तोंडून भसकन हवा सुटली, आणि ते पुढे वाकून खोकत, धापा टाकत राहिले. लेक त्यांची पाठ चोळू लागली. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

मासोळी अजून खालीच होती. सावकाश, काही घाई नसल्यासारखी, तळाशी कडं शोधत होती.

वर आली तेव्हा कडं तिच्या मनगटात होतं. तिनं केस मागे सारले, कडेला येऊन हात टेकले आणि आजोबांकडे बघून विचारलं, "आबा, तुम्हाला काय झालं? दम लागला?"

"हो गं," आजोबा म्हणाले. ते रडत होते आणि हसत होते, आणि त्यांना अजून पुरता श्वास सापडत नव्हता. "माझा संपला. तुझा नाही संपला."

तिनं मनगटातलं कडं काढून सरांना दिलं आणि अजून लांब टाकायला सांगितलं.